आरतीआधी सुटणारी बस

एक पाय बसच्या पायरीवर, एक पाय आगाशीच्या रस्त्यावर आणि हातात आरतीच्या झांजा... माझी आणि त्याची पहिली भेट झाली ती अशी!

"लुईसकाका, पाचच मिनिटं! आरती आत्ताच सुरू झालीय."

"बाय, पाय काढ," लुईसकाका स्टिअरिंगवरूनच कळवळून म्हणाले. "सातची गाडी सातला सुटली पाहिजे. जीपीएसवर सगळं दिसतं कंपनीला. मागे तुझ्यासाठी थांबलो, तर मेमो आला हातात!"

अख्ख्या बसमध्ये एकच प्रवासी. चौकटीचा शर्ट, मांडीवर सुकेळ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या सुकवलेल्या केळ्यांचा पुडा, आणि ओठ घट्ट मिटून दाबलेलं हसू.

"यांना विचारा ना, घाई आहे का ते!" मी म्हटलं.

"मला?" तो म्हणाला. "मला मुळीच घाई नाही. पण काकांची नोकरी जायला नको..." त्याने पुडा छातीशी धरला आणि सरळ खाली उतरला. "मी थांबतो. आरती तरी ऐकतो."

"अरे बाबा, तिकीट काढलंयस तू!" लुईसकाका ओरडले. पण बस निघाली. अगदी रिकामी! एकसुद्धा माणूस नाही.

तेवढ्यात श्रावणातली सर आली. आम्ही दोघं देवळाच्या ओसरीकडे पळालो. तो सुकेळ्यांना वाचवत होता, मी झांजांना. ओसरीवर पोचलो तेव्हा त्याच्या पापण्यांवर पाणी होतं आणि मी तिकडे बघत होते, हे माझ्या जरा उशिरानेच लक्षात आलं.

मी वसुंधरा. आमच्या अनसूयाताई चातुर्मासभर रोज संध्याकाळी कीर्तन करतात आणि मी त्यांच्यामागे पेटीला असते. ताईंचं वय सत्तरीच्या पलीकडे, पण पदर खोचून उभ्या राहिल्या की गळा असा लागतो, की वाटतं देव खांबाला टेकून ऐकत असेल. आणि त्यांचे श्रोते म्हणजे नंदाखालच्या, बोळिंजच्या आज्या. साऱ्या बसने येणाऱ्या.

आरती संपली, शिऱ्याचा प्रसाद झाला, आणि आज्या बाहेर आल्या. कुणी रिक्षावाल्याशी हुज्जत घालतेय, कुणी पावसात तशीच चालायला लागलीय. तो बघत राहिला.

"या सगळ्यांना त्याच बसने जायचं होतं?" त्याने हळूच विचारलं.

"मग! आधी गाडी साडेसातला होती. कंपनीने सातवर आणली. आता आरतीतून उठायचं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठायचं. आमच्या आज्या मरतील पण उठणार नाहीत. म्हणून बस रोज रिकामी जाते, आणि या अशा भिजतात."

"कंपनीला कळवलं नाहीत?"

"कळवलं तर! थेट एमडींना मेल करते मी. आणि त्या स्वतः उत्तर देतात हं," मी ऐटीत म्हणाले. "मागच्या वेळी लिहिलं होतं, 'आजींना माझा नमस्कार सांगा.' किती सोज्वळ बाई असेल!"

तो एकदम खोकला. सुकेळी घशात अडकावी तसा. पण पुडा तर अजून बांधलेलाच होता...

त्याचं नाव संकेत. राहणार वसईच्या एव्हरशाईन सिटीत, आईबरोबर. "नोकरी वसईलाच, ऑफिसात बसायची," एवढंच त्याने सांगितलं. पुढच्या शनिवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही.

"सुकेळी संपली वाटतं?" मी पेटीचा भाता सोडवत विचारायची.

"आई फार खाते हो..." तो मान खाली घालून म्हणायचा.

टाळ्या वाजवायला बसला की हमखास चुकायचा. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या की याची एक मागून यायची. आज्या तोंडाला पदर लावून हसायच्या. ताई मात्र उभ्या जागेवरून म्हणायच्या, "चुकू दे रे बाळा! उशिरा का होईना, पोचते त्याला!" आणि मी सुरात चुकायची. पंधरा वर्षांची असल्यापासून पेटी वाजवतेय, पण शनिवारी बोटं माझी राहायची नाहीत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही कळलं नाही.

आणि मग एका शनिवारी थांब्यावर कागद चिकटवलेला दिसला. प्रवासी नसल्याने सातची फेरी पहिल्या तारखेपासून बंद.

ताईंनी तो वाचला. शांतपणे चष्मा काढला. "संपलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "वेळ परत बदलेल या आशेवर बायका येत होत्या. आता कायमची रोज रिक्षा परवडायची नाही गं त्यांना. आणि श्रोता नसला तर मी काय भिंतींना सांगू? एकदा गळा थांबला की या वयात परत लागत नाही, वसू."

मी संकेतला म्हणाले, "आजच लिहिते. एमडी वाचतील. त्या नक्की काहीतरी करतील."

तो ओसरीच्या खांबाकडे बघत म्हणाला, "वसू... त्या वाचत नाहीत."

"तुला काय माहीत?"

"कारण... मी वाचतो. एमडींच्या ऑफिसात मेलला उत्तरं देणारा मी. खाली सही त्यांची, शब्द माझे. आजींना नमस्कारही माझाच. तुझ्या पहिल्या मेलमध्ये होतं ना, एक आजी दोन्ही हात टाळीला मोकळे हवेत म्हणून छत्री दातात धरून बसते... मी एकटाच ऑफिसात हसत बसलो होतो. त्या दिवसापासून सकाळी आधी तुझं नाव शोधतो. इथे तू भेटशील असं स्वप्नातही नव्हतं. आणि भेटलीस, तर सांगायची हिंमत होईना..."

"आणि मॅडमपर्यंत काय जातं?"

"'वेळापत्रक, एक तक्रार.' बस, एवढंच."

मला रडू येत होतं आणि रागही. "म्हणजे आज्यांचं भिजणं, ताईंचा गळा... सगळं तुझ्यापाशीच अडलं? संकेत, तुला देवाच्या दारावर उभं केलंय, आणि तू भक्तांना दारातच गोड बोलून परत पाठवतोस! अरे, एकदा तरी दार वाजव ना!"

तो पांढराफटक पडला. चपला घालून निघून गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. आज्यांच्या टाळ्या एकदम थांबल्या, मागून एकही आली नाही, आणि मला पुढचा सूर दिसेना.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी पेटी पुसत होते, तर फोन.

"वसुंधरा का? मी सीमा बोलतेय. बस कंपनीची एमडी."

"वा!" मी फणकारले. "मैत्रीण छान शोधलीय त्याने! सांगा त्याला, मी अशी फसायची नाही. अजून रागावलेय म्हणावं. आणि शनिवारी आला नाहीस म्हणून तर जास्तच!"

पलीकडून खळखळून हसणं.

"कोण, आमचा संकेत? अच्छा! म्हणून काल मीटिंगमध्ये त्याचा आवाज कापत होता होय!"

माझं कोपर पेटीवर पडलं आणि पेटीने भसाडा सूर काढला.

"अहो, काल पडद्यावर आकडे चालले होते," त्या सांगू लागल्या. "आगाशी, सातची फेरी, प्रवासी शून्य. तर हा उठून उभा. म्हणाला, 'मॅडम, शून्य का आहे ते एका बाईंनी लिहिलंय, वाचून दाखवतो.' मी म्हटलं, दोन ओळींत सांग. तर म्हणतो, 'दोन ओळींत सांगत आलो म्हणूनच तर बस रिकामी आहे. आज सगळं वाचणार.' आणि वाचलं की हो, छत्रीवाल्या आजीसकट!"

मी विचारलंच, "मॅडम, तुम्ही लोकांच्या मेल स्वतः वाचता?"

"नाही वाचत. हो म्हटलं तर खोटं होईल. पण तुमच्या सगळ्या मागवल्या आणि आज सकाळी बसून वाचल्या. आता सांगा, आरती नक्की संपते कधी?"

"प्रसाद होईस्तोवर सव्वासात."

"मग पुन्हा साडेसात करते. म्हातारी माणसं, चपला शोधायला वेळ लागतो. फेरी बंद होणार नाही. ताईंना सांगा, गळा सांभाळा म्हणावं."

त्या शनिवारी ताईंनी असा गजर लावला, की देवळाबाहेरचे फुलवालेसुद्धा टाळ्या वाजवत उभे राहिले. आरती झाली. कुणी धावलं नाही. बाहेर बस इंजिन बंद करून उभी, आणि लुईसकाका पायरीवर बसून द्रोणातला शिरा चाटून पुसून खात होते. आज्या एकेक करत चढल्या, अशा थाटात, जणू पालखीत बसतायत. बस खच्चून भरली.

संकेत रस्त्यापलीकडे, फुलवाल्याच्या ताडपत्रीखाली उभा होता. ताईंनीच त्याला पाहिलं आणि हाताने खुणावून बोलावलं. त्याच्या कपाळाला बुक्का लावला. "हाच ना दार वाजवणारा?" असं मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत निघून गेल्या.

"अजून रागावलीयस?" त्याने विचारलं.

"थोडी."

"मी मेल लिहू का? सविस्तर?"

"नको. तोंडाने बोल."

त्याने श्वास घेतला. "वसू, तू मला... म्हणजे मला तू फार आवडतेस. कायमची." बुक्क्याचा एक कण त्याच्या नाकावर पडला होता. मी तो बोटाने टिपला. बसच्या सगळ्या खिडक्यांत पदर तोंडाशी गेले.

"ए जोडी! येताय का?" लुईसकाकांनी हाक दिली. "बसायला जागा नाही हां, उभ्याने यावं लागेल!"

"तुम्ही जा काका!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. बस निघाली. आतून आज्यांचा गजर ऐकू येत होता, बोळिंजच्या वळणापर्यंत.

"पुढच्या शनिवारी आईंना घेऊन ये," मी म्हटलं.

"कीर्तनाला?"

"आधी कीर्तनाला. मग आमच्याकडे, कांदेपोह्यांना."

तो हसला. "पोहे मी केले तर चालतील?"

"चालतील. पण मीठ आईंना विचारून घाल. टाळीसारखं चुकेल नाहीतर!"