डावीकडचं दुप्पट

टोकावड्याच्या भातगिरणीवर, पोती तोलायच्या काट्यावर मी सायकल खांद्यावर घेऊन उभी होते. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, “कुठला तांदूळ? कोलम हाय का जया?”

मी वळून पाहिलं. पोत्याला टेकून एक मुलगा उभा होता. केसांत तूस, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

“माणूस हाय,” मी म्हटलं. “आणि विकायला नाय.”

“मग तोलताय कशाला?”

“एक यंत्र चुकतंय. सिद्ध करायचंय.”

“कुठलं यंत्र?”

“सायकल क्लबचं पॉवर मीटर.”

त्याचं हसू विरलं. “ते... ते माझं हाय. क्लबला वापरायला दिलंय.”

तर हा रूपेश. शहापूरचा, मुलांच्या संघात आधीच निवडलेला. आत्याचं भात भरडायला आलेला. आणि त्याच्या मीटरने मला त्याच सकाळी बाहेर ठेवलं होतं. माळशेज घाटाच्या शर्यतीसाठी मुलींना वजनाच्या किलोमागे तीन वॅट हवेत, असा देसले सरांचा नियम. माझे भरले दोन पूर्णांक आठ.

“तुमचे दोन्ही पाय सारखे आहेत?” मी विचारलं.

त्याने खाली पाहिलं. “म्हणजे... दिसायला तरी.”

“माझे नाहीत.”

पेडल ज्या दांडीला जोडलेलं असतं, तो क्रँक. पायाच्या जोराने तो केसाहूनही कमी वाकतो आणि तेवढ्यावरून मीटर वॅट काढतं. पण रूपेशचं मीटर फक्त डाव्या क्रँकवर होतं. उजवीकडे ते मोजतच नव्हतं. डावीकडचं दुप्पट करून मोकळं होत होतं. नववीत माझा डावा पाय मोडला होता. तेव्हापासून तो बारीक आहे, आणि त्याचं उरलेलं काम उजवा मुकाट्याने करतो.

“आयला,” रूपेश म्हणाला. “हे माझ्या डोक्यातच आलं नाय.”

“फिजिक्स शिकूनही मला हे कळायला दुपार झाली.”

दुसऱ्या दिवशी तो मीटर घेऊन आला. सिद्धगडाच्या रस्त्यावरचा एक चढ आम्ही निवडला. उंची नकाशावरून घेतली, वजन काट्यावरून, वेळ त्याच्या घड्याळावरून. तो शेजारून चालवत होता – इतका जवळून की आमचे हँडल दोनदा एकमेकांना लागले.

“लांब हो. तुझ्यामुळे वारा अडतोय. प्रयोग बिघडेल.”

“मग बिघडू दे की जरा...”

वर पोचल्यावर मी रस्त्याकडेच्या दगडावर खडूने गणित मांडलं. वारा, घर्षण, काहीच धरलं नाही. तरीही मला आणि सायकलला नुसतं तेवढ्या उंचीवर न्यायला जी शक्ती लागते, तीच मीटरच्या आकड्याहून जास्त निघाली.

“म्हणजे तू चढलीच नायस,” रूपेश म्हणाला. “माझं मीटर म्हणतं, तू अजून खालीच हायस.”

मी हसले. त्या वेळी मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, हेही नोंदवून ठेवते.

देसले सरांनी मात्र दगडाचा फोटो पाहिलाही नाही. “गणित परीक्षेत लिही गो पोरी. मला स्क्रीनवर आकडा दाव. रविवारी शेवटची चाचणी.”

शिकवण्या घेऊन मिळालेले पैसे मी स्वतःच्या मीटरसाठीच साठवले होते. दुकानदार म्हणाला, डावंच घ्या. दादा म्हणाला, “सगळे डावंच घेतात, तुलाच कसली खाज?” मला हवं होतं ते, जे क्रँक आणि दातेरी चक्र यांच्या जोडावर बसतं. दोन्ही पायांचा जोर तिथूनच साखळीकडे जातो. त्यात सगळे पैसे जाणार होते आणि ते रविवारपर्यंत येणारही नव्हतं. मी तेच मागवलं.

रविवारी चाचणीच्या चढावर पुन्हा रूपेशचं डावं मीटर. निघाल्याबरोबर मला काहीतरी वेगळं जाणवलं. तोच गिअर, तोच वेग, पण आकडा मोठा. वर पोचले तेव्हा स्क्रीनवर होतं तीन पूर्णांक दोन.

“घेतली तुला!” सर म्हणाले.

मी रूपेशकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

“मीटरच्या ॲपमध्ये गुणक वाढवलास?”

“कुणाली... तुझा खरा आकडा तोच हाय ना? तुझ्याच गणितातून काढला.”

“खरा हाय,” मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “पण मोजलेला नाय. सर, हा धरू नका. माझं मीटर येईपर्यंत थांबा.”

“शर्यत थांबते का कुणासाठी? मग बाहेर.”

“बाहेर तर बाहेर.”

परतताना रूपेश मागून येत राहिला. “मी तुझ्यासाठीच...”

“माझ्यासाठी गुपचूप काही करायचं नाही. मला दया नको रे, मोजमाप हवंय.”

त्याने सायकल माझ्या बरोबरीला आणली. मग म्हणाला, “चुकलो.” एवढंच. कारणं दिली नाहीत, हे मला आवडलं.

शर्यतीत एकट्यानेही नाव देता येत होतं. मी दिलं. मीटर दोन दिवस आधी आलं. मी ते स्वतः बसवलं. क्लबची जर्सी नव्हती म्हणून दादाचा कबड्डीचा बनियन घातला. टोकावडं सुटलं, घाट लागला. उजवा पाय ओढत होता, डावा जमेल तेवढी साथ देत होता, आणि पहिल्यांदाच दोघांचंही धरलं जात होतं. क्लबच्या दोन्ही मुली दुसऱ्या वळणाआधीच मागे पडल्या. सरांची जीप शेजारी आली. मी मान वळवली नाही.

वर धुकं होतं. मुलांची शर्यत आधीच संपली होती. रूपेश कठड्याशी उभा होता. मी जाऊन त्याच्या उजव्या बाजूला कठड्याला टेकले आणि स्क्रीन पुढे केली.

तीन पूर्णांक दोन.

“सर विचारत होते, पुढच्या शर्यतीला...”

“आधी त्यांनी मीटर बदलावं. मग बघू.”

तो हसला.

“एक सांगू? रागवू नको. मी पण त्या मीटरसारखंच केलंय... आपण काट्यावर भेटलो तेव्हापासून. फक्त माझ्या बाजूचं मोजलं, नि दुप्पट धरून चाललो. तुला न विचारता.”

मला अजून धाप लागली होती. मी स्क्रीनवरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं – डावा पंचेचाळीस, उजवा पंचावन्न.

“दोन्ही बाजू सारख्या नसतात रे,” मी म्हटलं. “उजवीकडे जास्त हाय.”

त्याने उजवीकडे पाहिलं. तिथे मीच होते.