फक्त हात दिसू द्या

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत परदेशात उइटहॉर्न गावी राहणाऱ्या आसावरीने रोज लिहायचं ठरवलं, तेव्हा तिच्या मनात फार काही नव्हतं. शाळा बंद, ऑफिस जेवणाच्या टेबलावर, नवरा हरीश वर माळ्यावर मीटिंगमध्ये आवाज चढवून बोलतोय आणि नऊ वर्षांची सुरुची आयपॅडला चिकटलेली. कॉलेजात असताना आसावरीच्या दोन कथा पुण्याच्या दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका सोडून तिने काही म्हणता काही लिहिलं नव्हतं. ही गोष्ट तिला अधूनमधून टोचायची. त्या हिवाळ्यात घरात कोंडून पडल्यावर ती जरा जास्तच टोचायला लागली.

त्याच देशातल्या रायस्वाइकच्या कुमुदिनीताईंनी एक गट काढला होता. सकाळी साडेसहा ते सव्वासात सगळ्यांनी झूमवर यायचं आणि आपापल्या वहीत लिहायचं. माइक बंद, बोलणं बंद. कॅमेरा चेहऱ्यावर नाही, वहीवर लावायचा.

"सकाळी सकाळी केस विंचरायला नकोत कुणाला," ताई म्हणाल्या होत्या. "फक्त हात दिसू द्या. आणि एकमेकांकडे बघत बसायचं नाही हं, आपापलं लिहायचं."

सव्वासातला ताई ग्रुपवर हजेरी टाकत. जो आला त्याच्या नावापुढे हिरवी खूण. एक दिवस चुकला की गणती पुन्हा एकपासून. चांगली शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरची माणसं त्या खुणेसाठी बालवाडीतल्या पोरांसारखी हपापलेली असत. आसावरीही त्यातलीच, उगाच तिला वेगळी कशाला काढा!

पडद्यावर नऊ चौकोन आणि नऊ हात. त्यात एक ब्रेडा गावच्या नीळकंठकाकांचा. काका एकाहत्तर वर्षांचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही, एकटेच राहात. त्यांचा हात गोरा आणि नीटनेटका होता, बोटात पोवळ्याची अंगठी आणि जुनं फाउंटन पेन. बाकीचे हात थांबायचे, खाजवायचे, चहाचा कप उचलायचे. काकांचा हात साडेसहाला सुरू झाला की सव्वासातला थांबे.

"काकांसारखी सवय हवी," असं ताई आठवड्यातून एकदा तरी लिहायच्याच.

आसावरीला मात्र काही सुचत नव्हतं. थंडी आहे, ब्रेड संपलाय, सुरुची मराठीत उत्तर देत नाही... महिनाभर हेच. स्वतःचंच लिहिलेलं वाचून तिला कंटाळा यायचा.

दोन फेब्रुवारीला, तेहतिसाव्या दिवशी, तिची नजर सहज काकांच्या चौकोनावर गेली. तिच्याकडे ऑफिसचा मोठा मॉनिटर होता, त्यामुळे तिला दिसलं ते फोनवरून येणाऱ्या बाकीच्यांना दिसलं नसावं. काकांची नखं जांभळी पडली होती. थंडीने असेल, तिने स्वतःला समजावलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या वहीत थंडीऐवजी काकांची नखं उतरली. पान बघता बघता भरलं.

दुसऱ्या दिवशी हाताची पाठ हिरवट दिसत होती. चौथ्या दिवशी बोटं सुजली आणि अंगठी मांसात रुतली. पोवळ्याच्या दोन्ही बाजूंनी कातडी फुगून वर आली होती. तरीही पेन चालत होतं, त्याच गतीने, उजवीकडे सरकत, पुन्हा डावीकडे येत. आसावरीने कुमुदिनीताईंना मेसेज केला.

"ताई, नीळकंठकाकांच्या हाताला काही झालंय का? बरा दिसत नाही हो."

"अगं, वय आहे. हिवाळ्यात सुजतात हात," ताईंचं लगेच उत्तर आलं. "रोज वेळेवर येतायत म्हणजे ठणठणीत आहेत. तू तुझं लिही."

ग्रुपमधली सगळीच माणसं अशी चूक करत होती. हजेरी लागली की माणूस बरा. नंतर कुणीही ताईंना दोष द्यावा, पण आसावरीकडे काकांचा फोन नंबर होता, आणि तिने तो लावला नाही. लावला असता तर कदाचित काही साधं कारण निघालं असतं आणि विषय संपला असता. तिला विषय संपायला नको होता. त्या सुजलेल्या हाताने तिची पानंच्या पानं भरत होती. कातडीचा रंग, नखाखालची काळी रेघ, मनगटाकडे सरकणारी निळसर जाळी, सगळं ती बारकाईने टिपत होती. पंधरा वर्षांत इतकं चांगलं ती लिहू शकली नव्हती, हे तिला कळत होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला स्वतःची किळस यायची आणि तरी सकाळी ती साडेसहाच्या आधीच पडद्यासमोर हजर असायची.

बाहेर बर्फ पडला, कालवे गोठले, सुरुची बापाबरोबर स्केटिंग करून आली. चाळिसाव्या दिवशी ताईंनी एकही खाडा न केलेल्यांची यादी टाकली. पहिलं नाव नीळकंठकाकांचं. खाली टाळ्या, हार, फुलं. त्या सकाळी काकांच्या अंगठ्यावर एक माशी बसली होती, आणि ती उडाली तेव्हा तिथे पांढरे बारीक दाणे उरले होते. आसावरीनेही ग्रुपवर टाळ्या टाकल्या.

शुक्रवारी, बारा तारखेला, हात लिहिता लिहिता ओळीच्या शेवटी आला आणि परत फिरला, पण तर्जनीची कातडी फिरली नाही. ती कागदाला चिकटून तिथेच राहिली, नखासकट. खालचं ओलं बोट पेन धरून पुढची ओळ लिहायला लागलं.

आसावरी बेसिनपर्यंतही पोचली नाही. हरीश धावत खाली आला तेव्हा ती जमिनीवर बसून ओकत होती.

"काय झालं? आसावरी... अगं, बोल ना!"

तिने मॉनिटरकडे बोट दाखवलं. हरीशने बघितलं आणि झूम बंद केलं. दिवाळीचा फराळ पोचवायला म्हणून घेतलेला काकांचा पत्ता ताईंकडे होता. तो घेऊन त्यानेच पोलिसांना फोन केला.

"किती दिवस चाललंय हे?" फोन ठेवल्यावर त्याने विचारलं.

"आजच... आजच दिसलं," आसावरी म्हणाली.

दुपारी ब्रेडाहून एका पोलीसबाईंचा फोन आला. इंग्रजीत, हळू आवाजात त्या बोलल्या. दार आतून बंद होतं. हीटर पूर्ण तापवलेला. काका टेबलाशी खुर्चीत होते, पेन हातात. डॉक्टरांच्या मते जाऊन किमान दहा दिवस झाले होते, कदाचित अकरा.

"आज सकाळपर्यंत आम्ही त्यांना लिहिताना बघत होतो," हरीश म्हणाला.

त्या म्हणाल्या, "धक्क्यात असं वाटू शकतं, सर."

शनिवारी आसावरी लिहायला बसली नाही. पहाटे जाग मात्र सवयीने आलीच. अंगावर गाऊन ओढून ती खाली आली आणि साडेसहाला सिंकशी उभी राहून हात धुवायला लागली. सगळं जग तेव्हा हात धूत होतं, पण हे वेगळं होतं. बोटांना गोडसर, कुबट वास येत होता. साबणाने जाईना म्हणून तिने लिंबू चोळलं. पुन्हा साबण. तीनदा धुतले. घरात दुसरं कुणी उठलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट तिने हरीशलाही सांगितली नाही.

दहाच्या सुमाराला त्याच पोलीसबाईंचा ईमेल आला. काकांचे कुणी नातेवाईक सापडत नव्हते. वहीतल्या शेवटच्या पानांचे फोटो सोबत जोडले होते. ही भाषा तुम्हाला वाचता येते का, त्यात कुणाचं नाव-पत्ता आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. खाली एक ओळ जास्तीची होती. वही काल दुपारी पिशवीत सील केली तेव्हा मोजली होती त्याहून आज एक पान जास्त भरलेलं आहे, आमचीच मोजण्यात चूक झाली असावी, क्षमस्व.

आसावरीने पहिला फोटो उघडला. अक्षर सुरेख होतं. कागदावर तपकिरी डाग होते. वर तारीख, दोन फेब्रुवारी.

"आसावरीचा हात थांबला. ती माझ्याकडे बघतेय. कुणाला तरी सांगेल."

तीन तारीख. "आजही बघितलं तिने. सांगेल."

सहा तारीख. "हात माझ्या ताब्यात नाही. थांबत नाही. पोरी, फोन कर."

नऊ तारीख. "तिने टाळ्या पाठवल्या."

बारा तारखेचं पान अर्ध्यात तुटलं होतं, तिथे कागदाला काहीतरी चिकटलेलं होतं. आसावरीने नजर वळवली, पण बोट आपोआप पुढे सरकलं आणि शेवटचा फोटो उघडला. तारीख तेरा फेब्रुवारी. आजची. शाई अजून ओली असल्यासारखी चकाकत होती.

"आज आसावरी लिहायला बसली नाही. सिंकशी पाठमोरी उभी आहे. हात धुतेय. साबण, मग लिंबू, मग पुन्हा साबण. तीनदा झाले. मी मागेच आहे. आता हे वाचेल आणि चौथ्यांदा धुवायला उठेल."

वरून हरीशने काहीतरी विचारलं. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, मान न वळवता, ती खुर्चीत घट्ट बसून राहिली. हाताचा वास आता नाकापर्यंत येत होता, आणि धुवायची इच्छा तिला अनावर झाली होती.