न पळालेला नवरा

“या पातेल्याला कसलीतरी शंका आहे,” असं म्हणत तो माझ्या दुकानातल्या भांड्यांवर चमच्यानं टकटक करत होता. बाजारभर भाजल्या मक्याचा वास आणि हा... केसांत वाळकं पान, पाठीला गिटार.

“शंका तुमच्या डोक्यात आहे. घ्या, नाहीतर सरका!”

“घेतो हो. पण आवाज कुणाचा — पातेल्याचा, की ठोकणाऱ्याचा?”

“फुकट्याचा तर नक्कीच नाही!”

तो हसला. आणि मी, वेडी, त्याला एक झाकण दिलं... वाजवायला.

हा एव्हिलाझियो साल्वादोर शहरातून आमच्या गावी जूनमधल्या संत जुआंवच्या सणात गायला आला होता. ढोलाचा ठेका असा, की पाय आपोआप उचलावेत. लोक रंगात आले की हा मध्येच थांबे. “पण नाचतंय कोण — तुम्ही, की धूळ?” गाणं तिथंच अर्धवट. एकाही गाण्याला शेवट नव्हता. “शेवट सापडला की माणूस मुक्कामाला लागतो,” म्हणायचा.

रोज मात्र दुकानात हजर.

“झाकण परत द्यायला आलो.”

“कुठंय?”

“विसरलो...”

सणाला चौकात लुटुपुटूचं लग्न लागतं. नवरीच्या पोटाला उशी, बापाच्या हाती बांबूची बंदूक. नवरा ऐन वेळी धूम ठोकतो, हवालदार त्याला धरून आणतो आणि मग अकॉर्डियन सुरू. त्या वर्षी नवरी मी, बाप माझे खरे बाबा आणि नवरा तो. “पळण्यात याचा हात कोण धरणार!” बाबा म्हणाले.

मांडवात शिरताना मला साल्वादोरच्या बसच्या टपावर त्याची पिशवी दिसली. हा आज खरंच पळणार.

बायकोचा काळा परकर नेसून पाद्री झालेल्या न्हाव्यानं विचारलं, “पत्करतोस का हिला?”

हवालदारानं चपला काढल्या. सगळे सरसावले.

तो हललाच नाही.

“पळ की रे!” बाबा कुजबुजले.

“विचार करतोय, काका. पळायला कारण सापडत नाहीये.”

“कारण कसलं? रीत आहे!”

“मग बंदूक दाखवा.”

“अरे, बंदूक पळाल्यावर दाखवायची असते!”

“आणि टपावरची पिशवी?” मी ओठांतल्या ओठांत विचारलं.

“तिचं तिला जाऊ दे. मी एवढं काढून घेतलंय...” कोटातून त्यानं माझं झाकण काढलं.

माझी कानशिलं तापली. आता कुणीतरी पळायलाच हवं होतं. मी घागरा उचलला आणि सुटले!

मागून हाक आली, “अगं थांब — बाळ पडलं!”

चौक हसून लोळला, अकॉर्डियन सुरू झालं. सणाच्या शेकोटीपाशी त्यानं मला गाठलं. एका हातात उशी, एका हातात झाकण.

“हो,” तो धापा टाकत म्हणाला.

“काय हो?”

“पाद्र्यानं विचारलं होतं ना... हो.”

मी त्याच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहिली. आलाच नाही.

त्याच उशीवर आता आमची पोर झोपली आहे. बाप उशाशी बसून झाकणावर बोटं वाजवतोय... हळू, अगदी हळू.

“झोपलंय कोण — ही, की उशी?”

“गप रे, उठेल ती!”