नकाशावर न चढलेलं माप

मोबाईल उलटा ठेव, भव्या. उजेड नको मला. आणि रणवीर, मध्येच खिदळायचं असेल तर आत्ताच खाली जा... सरी, ठीक. ऐका मग.

आपल्या वरच्या मजल्यावर उमाकांत सर राहतात ना, ही गोष्ट त्यांची. अर्धी मी डोळ्यांनी पाहिली, अर्धी त्यांच्या बायकोनं, अलकाअक्कांनी, मला सांगितली. तीही एकदाच.

दोन हजार तेवीस साल, डिसेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती. संध्याकाळी सर म्हणाले, अण्णा, शिवाजीनगरला येता का, एक मोठा नकाशा स्कॅन करून घ्यायचाय. मी स्कूटर काढली. नकाशा चांगला चादरीएवढा, कापडावर चिकटवलेला, विदर्भातल्या एका बंद कोळसाखाणीचा. दुकानदार म्हणाला, स्वल्प थांबा, थोडा वेळ लागेल. थांबलो, समोर चहा घेतला.

रिटायर झालात तरी हे कशाला उकरत बसता, असं मी विचारलं. सर हसले. जमिनीखाली कोळशाचा थर किती जाड, किती लांब, कुठे तुटलाय, हे ठरवणं त्यांचं काम. पण त्यातला काढता येईल किती, ही खरी मेख. छत बसू नये म्हणून कोळशाचेच खांब सोडावे लागतात. शेजारची जुनी खाण पाण्यानं भरलेली असेल तर मध्ये साठ मीटर कोळशाची भिंत तशीच ठेवायची. या बंद खाणीला लागून दुसरी खाण चालू होती, तिथला अंदाज सरांनीच काढून दिला होता. त्यांचा मुलगा प्रणीत त्याच खाणीत इंजिनियर.

नकाशाची गुंडाळी करताना सरांचा हात कोपऱ्यातल्या तारखेवर थांबला. जुनी खाण बुडाली मे महिन्यात. नकाशावरचं शेवटचं माप त्याच वर्षीच्या मार्चचं. मधले दोन महिने माणसं खोदत होती, ते कुठे चढलंच नव्हतं. सरांना हे रिपोर्ट करतानाच दिसलं होतं. कंपनी म्हणाली, दोन महिन्यांत असं किती खोदणार, सोडा. यांनी सोडलं. साठ मीटर मोजले ते मार्चच्या रेघेपासून.

हे मला त्यांनी स्कूटरवर मागे बसून सांगितलं. आवाज असा होता की मी सिग्नलला वळून पाहिलं. प्रणीतची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. बारा वाजता तो खाली उतरायचा. मी म्हटलं, मग कळवा की त्यांना. उद्या लिहितो, म्हणाले. स्वतःची चूक लिहायला माणूस उद्याच शोधतो बघा.

पावणेएकला करंट गेला, अख्ख्या गल्लीचा. अलकाअक्का आत पडल्या होत्या. बाहेर टेबलावर मेणबत्ती लावून सर नकाशापाशी बसलेले. ते बोलायला लागले तेव्हा अक्कांना वाटलं, फोन असेल.

"बावीस," सर म्हणाले. थोड्या वेळानं, "डावीकडे चौदा."

मोजणीची एक रीत असते. फीत धरणारा आकडा ओरडतो, नकाशावाला तोच परत म्हणतो आणि मग रेघ मारतो. चूक होऊ नये म्हणून. अक्कांना ती पाठ होती. पण इथे ओरडणाऱ्याचा आवाजच नव्हता. नुसतं परत म्हणणं...

"पुन्हा सरळ. अठरा."

...

"अकरा."

अक्का दारात आल्या. समोरची खुर्ची ओढलेली. रिकामी. सर मान वर करत नव्हते. हात चालला होता. घरभर ओल्या मातीसारखा वास. अक्का दाराची चौकट धरून तिथंच उभ्या राहिल्या. त्या बुडालेल्या खाणीत तिघं आतच राहिले होते, कायमचे. त्यातला एक फीत धरणारा. हे मला फार नंतर कळलं.

"सहा."

पेन थांबलं.

"अजून?"

...

"संपलं?"

...

मग सर ओरडले. तो आवाज मला खाली ऐकू आला. टॉर्च घेऊन धावत वर गेलो.

"अण्णा, तीन मीटर. साठातले सरळ सत्तावन्न गेले, भिंत तीनच मीटर उरलीय. माझा पोरगा तिथंच आहे."

प्रणीतच्या खाणीच्या मॅनेजरला फोन लावला. तो झोपेतून उठून म्हणाला, हे मोजलं कोणी? सर काय सांगणार? म्हणाले, चूक माझी आहे, मला तेव्हाच ठाऊक होतं, उद्या पोलिसांत द्या मला, पण माणसं वर काढा. त्यानं फोन ठेवला. मग सरांनी त्या रेघांखाली सही केली. मी टॉर्च धरला, त्यांनी फोटो काढून पाठवला. पुन्हा फोन. पुन्हा. कोणी उचलेना. खाणीत खाली मोबाईल नेत नाहीत, मुलाचाही बंद. सर फरशीवर बसून दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेत होते. मीच मारलं त्याला, मीच मारलं, एवढंच चाललेलं. अक्का त्यांचे हात धरत होत्या. 

सव्वादोन वाजले.

फोन वाजला. प्रणीत. "बाबा, वर बोलावलं आम्हाला. एकवीसच्या एकवीस जण आलो. काय झालंय?"

सरांनी फोन अक्कांच्या हातात दिला. चार वाजून दहा मिनिटांनी भिंत फुटली. प्रणीत जिथं उभा होता तिथं छतापर्यंत पाणी.

सकाळी मॅनेजरचा फोन आला, मी तिथंच होतो. सर म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवलात, उपकार झाले.  मग तो म्हणाला, "तुमच्या सहीवर नाही काढली माणसं. स्वतःच चुकलो म्हणणाऱ्याची सही मी कशी मानू? खाली मोजणाऱ्याचा अंगठा होता, म्हणून काढली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. टॉर्च मी धरला होता रे. सही होती. तिच्याखाली कागद कोरा होता, देवाशपथ.

नकाशा उघडला. सहीखाली डाव्या अंगठ्याचा ठसा. शाईचा नव्हता. मी बोट लावलं... काळी भुकटी आली बोटाला. ओली.

त्या घरात गॅसवर स्वयंपाक होतो. कोळसा कधी आलेलाच नाही.