शर्टाची डावी बाही

दवाखान्यातून बाई वारल्याचा फोन आला, तेव्हा सुतार-मास्तर वर्गात मुलांना रंधा धरायला शिकवत होते.

घरी शिवणयंत्रावर बाईंनी शिवायला घेतलेला मास्तरांचा शर्ट अर्धवट पडला होता. उजवी बाही लागलेली, डावी नुसती कापून ठेवलेली. महिनाभर मास्तर त्या बाहीकडे बघत राहिले. मग एक दिवस उठले आणि आपल्याच संस्थेतल्या शिवणवर्गात नाव घालून आले. ही बाही आपणच लावायची.

याच वर्गात शिकवणाऱ्या बाई पंधरा वर्षांपूर्वी मोडकं स्टूल घेऊन त्यांच्या सुतारवर्गाच्या दारात आल्या होत्या. मास्तर नवखे होते. कोणत्या मुलाचं लक्ष आहे ते वहीत टिपत होते. तोंडाकडे बघणाऱ्याला बरोबरची खूण, मान खाली घालणाऱ्याला फुली.

"त्या टोपीवाल्याला फुली?" बाईंनी वहीत डोकावून विचारलं.

"मान वर करत नाही तो."

"त्याचा अंगठा बघा, लाकडाची शीर चाचपतोय. पहिल्या बाकावरचा मात्र उघड्या डोळ्यांनी झोपलाय."

मास्तरांनी त्याला हाक मारली. तो दचकून "हजर!" म्हणाला. वर्ग खो-खो हसला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दहा वर्षं शिकवतेय. आधी मीही तोंडंच बघायचे."

"मग... माझं लक्ष कुठे आहे, सांगा बघू?"

बाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. "मघापासून स्टुलाचा न मोडलेला पाय घासताय. म्हणजे — स्टुलात तर नाही."

मास्तरांचे कान लाल झाले. "आठ दिवस लागतील. रोज येऊन बघावं लागेल."

"रोज?"

"लाकडाचा काय भरवसा, बाई!"

ते स्टूल दोन महिने दुरुस्त होत राहिलं. शेवटी बाईच म्हणाल्या, "मास्तर, न्या ते तुमच्याच घरी... मीच तिथे येऊन बसते."

आता शिवणवर्गाला नवी, तरुण शिक्षिका होती.

"काका, लक्ष नाही तुमचं. एकदाही फळ्याकडे बघितलं नाहीत."

"पोरी, माझा अंगठा बघ."

ती वाकली. बाहीच्या कापडावरच्या खडूच्या पुसट रेघेवरून मास्तरांचा अंगठा हळूहळू सरकत होता. रेघ बाईंनी आखलेली होती. शिक्षिकेने आपल्या वहीत त्यांच्या नावापुढे मारलेली फुली खोडली.

"पण टाके वाकडे गेलेत, काका."

"दिसतंय मला."

मास्तरांनी ते उसवले. तिसऱ्यांदा.

डावी बाही अजून लागायची आहे.