बहात्तरावे घर

रुग्णालयातून फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि तो एकोणतिसाव्या घरात होता. पाच आडव्या रेघांवर उभी दांडी मारून संगीताचे जे खण पाडतात, त्यांना ते नवरा-बायको घर म्हणत. सोंगट्यांच्या पटावर असते तसे. बायको दोन दिवसांच्या तपासण्यांसाठी दाखल झाली होती आणि तिनेच त्याला परत पिटाळले होते. "इथे बसून छताचे पंखे मोजू नका. माझी पानं पुढे सरकवा."

फोनवरचा माणूस पाठ केल्यासारखे बोलला. ऐकून झाल्यावर त्याने "बरं" म्हटले, फाइल सेव्ह केली, संगणक बंद केला आणि मगच चपला शोधल्या.

आयुष्यभर त्याने इमारतींचे नकाशे काढले होते. रेघ सरळ हवी, माप चोख हवे, एवढे त्याला कळे. गाण्यातले ओ की ठो कळत नसे. बायको गायकवृंदासाठी गाणी रचायची, पेन्सिलीने. ती संगणकावर चढवायला दोघे लागत. आधी त्याने संगणकाच्या कळफलकावर आकडा दाबायचा: सात म्हणजे चार मात्रा, सहा म्हणजे दोन, पाच म्हणजे एक, चार म्हणजे अर्धी. पडद्यावर तेवढ्या लांबीचे बटण उजळे आणि सॉफ्टवेअर वाट पाहत थांबे. मग ती शेजारच्या, संगणकाला वायरने जोडलेल्या छोट्या मिडी कीबोर्डवर पट्टी दाबी आणि सूर घरात जाऊन बसे.

"मी सूर देते, वेळ तुम्ही द्या," ती म्हणायची. "लग्नापासून तेवढंच राहिलंय तुमच्याकडून."

तीन आठवड्यांनी मेहुणी आली. गायकवृंद तीच चालवत असे. ताईचे शेवटचे गाणे सभागृहात गायचे ठरले होते. वीस जणांना स्वच्छ पाने हवी होती. पेन्सिलीने लिहिलेले सूर त्रेपन्नाव्या घराच्या मध्यावर थांबत होते.

"जिथे थांबलंय तिथे आपणही थांबू, भाऊजी."

"हो. माझा एकही सूर त्यात घुसायला नको."

"तुमचा सूर?" मेहुणी रडता रडता हसली. "तुम्ही टाळी वाजवलीत तरी ती चुकते."

दुसऱ्या दिवशी न्याहारी आटोपून तो बसला. कोणत्या रेघेवरच्या ठिपक्याला कोणती पट्टी, याचा तक्ता त्याने समोर चिकटवला होता. डावा हात आकड्यांवर, उजवा पट्ट्यांवर. एकोणतीस, तीस, एकतीस. बत्तिसाव्या घरात त्याने पाच दाबला, तक्ता पाहायला मान वर केली, आणि मान खाली येईपर्यंत सूर घरात बसलेला होता.

बोट लागले असेल, असे त्याने ठरवले. त्याने तो खोडला. पुन्हा पाच दाबला आणि उजवा हात मांडीवर ठेवला.

सूर आला. कागदावर होता तोच.

दुपारपर्यंत पन्नास घरे झाली. उजवा हात मांडीवरच होता. कागदाशी ताडून पाहिले तर एकही चूक नव्हती. त्याच्या स्वतःच्या हातून दर पानाला दोन तरी होत.

वाद्ये दुरुस्त करणाऱ्याने कीबोर्ड उघडला, पट्ट्यांखालचे रबर पुसले, प्रत्येक पट्टी दाबून पाहिली.

"काही नाही हो याला, काका. उगाच शंका घेताय."

"आपोआप सूर उमटतात."

"कोणते? भलतेसलते?"

"नाही. बरोबर."

कारागिराने त्याच्याकडे पाहिले. "मग दुरुस्त काय करू?" कीबोर्ड पुन्हा बंद करत तो हळू आवाजात म्हणाला, "ठेवून जा दोन दिवस. नीट जेवताय ना?"

परत आल्यावर टेबलावर कीबोर्डच्या जागी धूळ नसलेला चौकोन होता आणि वायरचे मोकळे टोक खाली लोंबत होते. तो बसला. सहा दाबला.

सूर आला.

त्रेपन्नाव्या घराचा मध्य आला तेव्हा कागद संपला. इथेच थांबायचे होते. तसे त्याने मेहुणीला सांगितले होते. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होते, बादलीत पाणी पडत होते. त्याने पाच दाबला.

शुक्रवारी मेहुणीने छापलेली पाने हातात धरून उभ्याउभ्याच गुणगुणायला सुरुवात केली. एकसष्टाव्या घरापाशी ती थांबली.

"हा खालचा सूर पुरुषांना झेपत नाही. किती भांडले मी ताईशी यावरून. तरी मेली तिथेच लिहायची." तिने डोळे पुसले. "पुढचा कागद कुठे मिळाला तुम्हाला?"

"कपाटात."

"दाखवा ना."

"कुठेतरी ठेवलाय," तो म्हणाला. चाळीस वर्षांत मेहुणीशी तो पहिल्यांदा खोटे बोलला.

शनिवारी कारागिराने कीबोर्ड परत आणून जोडून दिला. काही बिघाड नव्हता. त्या सकाळी तो एकाहत्तराव्या घरापर्यंत गेला. वेळा तोच ठरवत होता. कुठे ताणायचे, कुठे आवरायचे, हे आता त्याला विचार न करता सुचत होते.

बहात्तराव्या घरात त्याने सात दाबायला बोट उचलले.

बोट टेकण्याआधीच सात उजळला.

त्याने हात मागे घेतला. सूर आला नाही. पडद्यावरची उभी रेघ घरात लुकलुकत राहिली.

तो थांबला. समोरूनही कुणी घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने त्याला कळले. आकडा देऊन झाला होता. पट्टी त्याने दाबायची होती.

त्याने मेहुणीला फोन लावला.

"शेवटचा सूर कागदावर नाही."

"अहो, तो कुणीही सांगेल. सुरुवात झाली तोच. डावीकडून आठवी पांढरी पट्टी. घाला तुम्हीच."

"माझा सूर घालायचा नाही, असं ठरलंय."

"भाऊजी, एक सूर! ताई काही रागावणार नाही." मग तिने दिवस मोजले. "कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे. पानं गुरुवारपर्यंत द्या."

आठवी पट्टी त्याने मोजून ठेवली आहे. बोट नेले की ते तिच्या बरोबर मधोमध थांबते. नकाशावाल्याचा हात आहे. पण तो सूर बसला की त्यापुढे दुहेरी दांडी पडेल, गाणे पुरे होईल, आणि मग आकडा द्यायला कुणाची गरज राहणार नाही. म्हणून तो बोट उचलतो आणि खिडकीपाशी जातो.

संगणक त्याने बंद केलेला नाही. पहिल्या दिवशी सात उजळलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. मग पाच, मग चार. आज तीन आहे, म्हणजे पाव मात्रा. त्याखाली दोनच आकडे उरतात.

आज बुधवार आहे. बहात्तराव्या घरातला सूर भरायचा राहिला आहे.