तीन बुधवार

दार ढकललं तेव्हा त्याला फक्त दोन पाय दिसले. टेबलाखालून बाहेर आलेले. एकात चप्पल, दुसरा अनवाणी.

"आत किती जण आहेत?" त्याने फॉर्म सरसावत विचारलं.

"मी आणि एक झुरळ," टेबलाखालून आवाज आला. "झुरळ कायम नोकरीत आहे, मी हंगामी. तुम्हाला कोण हवंय?"

हरवलेली चप्पल हातात आणि कपाळभर धूळ घेऊन ती बाहेर आली, हसली... आणि एका सरळमार्गी माणसाचं वाटोळं झालं.

हा विद्यापीठाच्या नियोजन शाखेतला कारकून. प्रत्येक विभागात न सांगता तीनदा जायचं, हजर विद्यार्थी मोजायचे, हे त्याचं काम. सगळे त्याला मोजणीसाहेब म्हणत. माणूस इतका काटेकोर, की गणित विभागात डुलकी घेणारा विद्यार्थी त्याने अर्धाच धरला होता म्हणे. आणि ती समाजकार्य विभागात शिकवणारी सगळ्यांत तरुण बाई.

"मुलं कुठायत?"

"आज बुधवार ना! बुधवारी आमची मुलं, बाकीचे शिक्षक, सगळे वस्त्यांमध्ये असतात. कुणी म्हाताऱ्यांबरोबर पेन्शनच्या रांगेत, कुणी मार खाल्लेल्या बाईबरोबर पोलीस चौकीत. समाजकार्य काय बाकावर बसून शिकायचं? गुरुवारी या. बेचाळीस जण आहेत, पाय ठेवायला जागा मिळणार नाही."

आता कुणीही शहाणा माणूस गुरुवारी गेला असता. पण गुरुवारी बेचाळीस जोड्या डोळे तिच्याकडे बघत असणार, आणि बुधवारी... बुधवारी फक्त त्याचेच. तो पुढच्या बुधवारी गेला.

"मोजणीसाहेब, तुमच्या आठवड्याला एकच वार आहे का?"

"गुरुवारी मला... वाणिज्य विभागात..."

"का, तिथे चांगल्या बाया नाहीत वाटतं?"

"मोजल्या नाहीत," तो म्हणाला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

ती पटकन पाठमोरी झाली. दोन कप विसळले, चहा टाकला. वरचा पंखा एवढा म्हातारा, की एक फेरी संपेपर्यंत चहा निवायचा. पण त्या दिवशी दोघांनाही घाई नव्हती. तिसऱ्या बुधवारी तर खिडकीशी उभं राहून कप देता-घेता बोटांना बोटं लागली, आणि कप कुणी धरायचा हेच दोघं विसरले. कप फुटला. फॉर्मवर चहा सांडला.

ओल्या फॉर्मवर तीन तारखा आणि तीन शून्यं होती. शेऱ्याच्या रकान्यात 'बुधवारी विद्यार्थी वस्तीत असतात' असं लिहायचं त्याच्या मनात होतं. पण तसं लिहिलं तर साहेब विचारणार, मग तिन्ही वेळा बुधवारीच का गेलास? रकाना कोरा राहिला. एवढं कोण वाचतंय, अशी त्याने मनाची समजूत घातली. मन लगेच समजलं. नको तेव्हा मन फार समजूतदार असतं.

आणि वाचणाऱ्यांनी नेमकं तेच वाचलं. महिन्याभरात आदेश निघाला : विद्यार्थी उपस्थित राहत नाहीत, सबब समाजकार्य विभाग बंद.

ती आदेश घेऊन त्याच्या टेबलापाशी आली.

"बुधवारचं कारण तुम्ही तर लिहिलं असणारच. मग हे शून्य कुठल्या गाढवाने धरलं?"

गाढव खाली मान घालून उभं होतं. "बघतो," ते म्हणालं.

"शुक्रवारी विद्यापीठाच्या परिषदेत हा आदेश पुन्हा चर्चेला येणार आहे. मी तुमचं नाव साक्षीला दिलंय. तुमच्यासारखा खरा माणूस बोलला, तर ऐकतील." तिने त्याच्या बाहीला हात लावला आणि गेली. त्या बाहीसकट जमिनीत गडप व्हावं असं त्याला झालं.

घरी वहिनीने ओळखलंच. "भावजी, ताटाशी भांडण झालंय का?"

त्याने सगळं सांगितलं. वहिनीने डोक्याला हात लावला. "म्हणजे तिचं तोंड बघायला गेलात आणि तिच्याच तोंडचा घास काढलात!"

"मी राजीनामा देतो, वहिनी."

"द्या की! त्याने त्या मुलांचं काय भलं होणार? हाताने केलंत ते आता तोंडाने सांगा. चारचौघांत."

परिषदेत चारचौघं नव्हते, चांगले तीस-पस्तीस होते. तो उभा राहिला.

"मोजणी मी केली. तिन्ही वेळा बुधवारी. त्या दिवशी मुलं वस्तीत असतात, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी लिहिलं नाही."

"का?" कुलगुरूंनी चष्मा काढला. "बुधवारीच का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. धाडसच नव्हतं. "बुधवारी... त्या एकट्या असतात म्हणून."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसू दाबलं, दुसऱ्याला दाबता आलं नाही, आणि मग अख्खं सभागृह खदखदलं. ती उठून बाहेर गेली.

मोजणी रद्द झाली. आहेत ती मुलं इथेच शिक्षण पुरं करतील, असं ठरलं. पण बंदचा आदेश काही उठला नाही, नवे प्रवेश मिळणार नाहीत. विभाग आज मरायचा तो दीड वर्षाने मरणार, एवढंच.

ती जिन्यात बसली होती. तो चार पायऱ्या खाली थांबला.

"माफी मागायला आलो नाही. तेवढी लायकी नाही माझी."

"नाहीच आहे," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर माझा तमाशा केलात."

"हो."

"आणि... एकट्याने दोष घेऊन मोकळे झालात." तिने पदराने नाक पुसलं. "दुसऱ्या बुधवारी तुम्ही दारात दिसलात, तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, चालते व्हा, उद्या या. मला कळत होतं ना! मी काय केलं? चहा टाकला. तिसऱ्या बुधवारी तर सकाळपासून वाट बघत होते... केस दोनदा विंचरले."

तो दोन पायऱ्या वर आला. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण लाजेच्या एवढ्या चिखलातून, की हसू ओठांपर्यंत पोचेना.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "हे सांगायची ही जागा नाही, वेळही नाही."

"मलाही तुम्ही आवडता. त्याचाच जास्त राग येतो." ती उठली, त्याचा हात धरला. "चला. वर्गात बेचाळीस जण निकालाची वाट बघतायत. त्यांना परिषदेतून कळण्याआधी आपल्या तोंडून कळू दे. सगळं. चहासकट."

"मी पण?"

"मग काय, मी एकटीने?"

दार उघडताच बाकं खडखडली. सगळा वर्ग नेहमीसारखा उभा राहिला.

"बसा," ती म्हणाली. हात अजून सोडला नव्हता. "आज आम्ही उभे राहतो."